फ्लोरिडा अजून काठावरचं राज्य आहे का?

प्रश्न: भाचा टँपाला असतो, तो म्हणतो मामा, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत फ्लोरिडा आता काठावरचं, म्हणजे कुणाकडेही झुकेल असं, राहिलंच नाय. मी म्हटलं, 2000 साली फक्त 537 मतांनी बुश जिंकले तेच ना हे राज्य? कोण बरोबर? – एक वाचक, हर्णै

उत्तर: भाचाच बरोबर. पण नुसता निकाल बघू नका हां, तुमच्या बंदरात भरती आली की सगळ्याच होड्या वर येतात ना, तसं देशाचं पाणी किती चढलं ते आधी वजा करायचं. 2012 ला ओबामा देशात जवळपास 4 टक्क्यांनी पुढे आणि फ्लोरिडात जेमतेम 1, म्हणजे राज्य तेव्हाच रिपब्लिकनांकडे (बुश, ट्रंप यांचा पक्ष; ओबामा, बायडन, हिलरी समोरच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे) 3 ने कललेलं, ओबामा जिंकले म्हणून कुणाच्या डोळ्यात आलं नाही एवढंच. 2020 ला बायडन देशात साडेचारने पुढे पण इथे ट्रंप सव्वातीनने, कल झाला पावणेआठ! 2024 ला ट्रंप देशात दीडने, फ्लोरिडात 13 ने. फ्लोरिडातली मायामी-डेड काउंटी (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) तर बघाच, 2016 ला हिलरी तिथे 29 ने पुढे होत्या, 2024 ला ट्रंप 11 ने. क्यूबन आणि बाकी लॅटिनो (लॅटिन अमेरिकी मूळ असलेले) मतदार मोठ्या प्रमाणात फिरले. भाच्याशी पैज लावली असेल तर सुरमई तयार ठेवा.