डिग्री नाही, पण परदेशात इंग्लिश शिकवायचंय

प्रश्न: ताई, मी भांडुपला राहते, वय २४. एसवायला असताना बाबांचं आजारपण निघालं आणि कॉलेज सुटलं ते सुटलंच. आता एका क्लासमध्ये पाचवी ते आठवीला इंग्लिश शिकवते, संध्याकाळी स्पोकनची बॅच घेते, मुलांना आवडतं माझं शिकवणं. अंधेरीचा एक एजंट म्हणतोय थायलंडच्या शाळेत लावून देतो, डिग्री नसली तरी चालतं, १ लाख ८० हजार भरा, आत्ता फिरायला म्हणून जायचं, व्हिसा तिकडे गेल्यावर बदलून मिळतो. आई बांगड्या मोडायला निघालीये. जाऊ का? आणि डिग्रीशिवाय घेणारा एखादा देश आहे का खरंच?

उत्तर: आईला सांग बांगड्या कपाटात ठेव, बाकीचं मग बोलू.

एजंट अर्धं खरं बोलतोय म्हणून तो पटतो. अशा शाळा असतात जिथं कोणी तुझी डिग्री बघणार नाही, डेमो लेक्चर घेतील, मुलं हसली खेळली की उद्यापासून या म्हणतील. पण डिग्री शाळेपेक्षा जास्त सरकारला लागते. थायलंडमध्ये शिकवायला नॉन-इमिग्रंट बी व्हिसा लागतो, वर्क परमिट लागतं, आणि शिक्षक म्हणून तिथल्या टीचर्स कौन्सिलचं लायसन्स किंवा तात्पुरती सूट, आणि या सगळ्याच्या मुळाशी बॅचलर्स डिग्री आहे. ती नसली की शाळा तुला कागदावर दाखवूच शकत नाही. म्हणजे ‘डिग्री नसली तरी चालतं’ याचा अर्थ तुला चोरून ठेवणार. परमिटशिवाय काम करताना सापडलं तर ५ हजार ते ५० हजार बाथ दंड, वर देशातून हकालपट्टी, आणि पुढची दोन वर्षं वर्क परमिट नाही. शाळेलाही दंड होतो म्हणा, पण शाळा तिथंच राहते, परत तू येतेस. पगार बुडवला तर तक्रार कुठं करणार, तू तर कागदावर नव्हतीसच.

बाकीचे देश पटापट सांगते. व्हिएतनामला डिग्री आणि वर टीचिंग सर्टिफिकेट, दोन्ही पाहिजे. चीनला डिग्री तर हवीच, वर इंग्लिश ज्यांची मातृभाषा अशाच देशांचे पासपोर्ट त्यांना हवे असतात, आणि २०२१ मध्ये तिथल्या सरकारने प्रायव्हेट ट्यूशनवर जो बडगा उचलला त्यानंतर तो बाजारच बसला. जपानमध्ये डिग्री नाही तर भाषा शिकवण्याचा ३ वर्षांचा अनुभव कागदावर दाखवा असा नियम आहे, तुझ्याकडे तेवढा असला तरच विचार कर. कोरियाचा इ-२ व्हिसा मुळात सातच देशांच्या लोकांसाठी, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि साऊथ आफ्रिका. भारतीयांसाठी व्यापार करारातून एक छोटी वाट ठेवलीये पण तिथं डिग्रीसोबत शिक्षकाचं लायसन्सही मागतात. गल्फमध्ये शाळेत शिकवायचं तर डिग्री आणि सहसा बीएड.

राहिलं कंबोडिया. तिथं कायद्याने डिग्रीची अट तेवढी कडक नाहीये, ऑर्डिनरी म्हणजे ‘इ’ व्हिसा घेऊन जाता येतं, तो तिथं वाढवता येतो, वर्क परमिट वेगळं काढावं लागतं आणि ते शाळेने काढून द्यायला हवं. नॉम पेन्हमध्ये इंग्लिशच्या शाळा भरपूर, पण आपल्या पासपोर्टवाल्याला पगार गोऱ्या माणसापेक्षा कमीच सांगतात, तोंडावर सांगतात. राग येतो पण आहे हे असं आहे. तुझं इंग्लिश त्याच्यापेक्षा चांगलं असेल, व्याकरण तर नक्कीच चांगलं असेल, कारण आपण ते शिकलोय, तरी जाहिरातीत ‘नेटिव्ह स्पीकर ओन्ली’ लिहिलेलं असतं. म्हणून म्हणते, डिग्री नाही आणि पासपोर्ट भारतीय अशा दोन्ही गोष्टी एकदम घेऊन जाऊ नकोस, त्यातली एक तुझ्या हातात आहे.

ती डिग्री पूर्ण कर ना. दोन वर्षं झालेली असतील तर आधी तुझ्या जुन्या कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचार, तिथले क्लार्क खेकसतील पण परत अ‍ॅडमिशनचं आणि एटीकेटीचं तेच नीट सांगतात. तिथं नाही जमलं तर मुंबई युनिव्हर्सिटीचं कलिन्याचं डिस्टन्स, जे आपण आयडॉल म्हणायचो आणि आता सीडीओई झालंय, किंवा इग्नू, किंवा नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. क्लास चालू ठेवून होतं. फक्त डिस्टन्सची डिग्री काही देश आणि काही शाळा मनापासून घेत नाहीत, तेव्हा ज्या देशावर डोळा आहे तिथलं आधी विचारून मग फॉर्म भर.

तोपर्यंत परदेशातल्या माणसाला घरी बसून शिकव की. प्रेप्ली, आयटॉकीसारख्या साइट्सवर डिग्री लागत नाही, रेट आपण ठरवायचा. प्रेप्ली ट्रायलचा पहिला तास पूर्ण स्वतः ठेवते आणि पुढे ३३ टक्के कापते, तास वाढत गेले की ते १८ पर्यंत उतरतं, हे आधीच माहीत असलेलं बरं म्हणजे पहिल्या महिन्यात रडू येत नाही. सुरुवातीला रेट पडेलच ठेवावा लागतो, चार चांगले रिव्ह्यू आले की चढवायचा. वेळेचं गणित बघ. कोरिया-जपान आपल्यापुढे साडेतीन तास, त्यांचे संध्याकाळचे सात म्हणजे आपले दुपारचे साडेतीन, तुझ्या बॅचच्या आधी बसतं. सौदीवाले आपल्या रात्री साडेनऊला मिळतील. ब्राझीलचा विद्यार्थी घेतलास तर त्याच्या संध्याकाळी सातला तुझे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात, आणि चाळीत त्या वेळी ‘रिपीट आफ्टर मी’ म्हणालीस तर शेजारचे काका दार वाजवतील.

आणि तो एजंट. परदेशात नोकरीला माणसं पाठवायची तर परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते, १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याने. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव शोध. नोंदणी असलेल्यालाही ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी, याच्यावर फी घेता येत नाही. १ लाख ८० हजार कशाचे ते त्याला विचार, पावती देतोस का तेही विचार. बीकेसीत विदेश भवनात प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं, म्हणजे परदेशी नोकरीला जाणाऱ्यांसाठीचं सरकारी ऑफिस आहे, तक्रार तिथं होते.

प्रश्न: बारावी झालीये. ऑनलाईन १२० तासांचं टेफल (इंग्लिश शिकवण्याचं सर्टिफिकेट) तीन हजारात मिळतंय आणि सेल्टा लाखाच्या वर. दोन्ही १२० तासांचेच आहेत ना, मग फरक काय? — घाटकोपर

उत्तर: टेफल नावावर कुणा एकाची मालकी नाही, कोणीही कोर्स काढून पीडीएफ देऊ शकतो. सेल्टा केंब्रिजचा, त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावं लागतं आणि मागे ट्रेनर वही घेऊन बसलेला असतो, म्हणून त्याला भाव. बारावीवर अर्ज करता येतो, आधी इंटरव्ह्यू होतो. पण सेल्टा म्हणजे डिग्री नव्हे, जिथं व्हिसाला डिग्री लागते तिथं तो एकटा उपयोगाचा नाही. आधी शिकवणं जमतंय का ते तीन हजारात बघ, लाख नंतर घाल.

प्रश्न: मुलगा २२ वर्षांचा, बारावी, इंग्लिश फर्डं. टेलिग्रामवर बँकॉकची ‘इंग्लिश ट्रेनर’ची ऑफर आलीये, पगार ८० हजार, तिकीट कंपनीचं. इंटरव्ह्यू चॅटवरच झाला. बँकॉकहून गाडीने माए सोत नावाच्या गावी नेणार म्हणतात. पाठवू का? — परळ

उत्तर: नाही, काका. अजिबात नाही. नकाशा उघडून बघा, माए सोत थायलंडच्या सीमेवर आहे, नदी ओलांडली की म्यानमारचं म्यावड्डी. तिथं कंपाउंडच्या आत कोंडून ऑनलाईन फसवणुकीचं काम करून घेतात, इंग्लिश बोलणारी पोरं त्यांना त्याचसाठी लागतात, पासपोर्ट आधी काढून घेतात. मार्च २०२५ मध्ये आपल्या हवाई दलाच्या विमानांनी पाचशेहून जास्त भारतीयांना माए सोतहूनच परत आणलं, तीही अशीच नोकरीच्या आशेने गेलेली. इंग्लिश शिकवणाऱ्याचा इंटरव्ह्यू चॅटवर कसा होईल, त्याचं बोलणं नको का ऐकायला?

पासपोर्टची कॉपी पाठवली असेल तर सगळे मेसेज सेव्ह करून ठेवा, डिलीट करू नका, आणि सायबर पोलिसांकडे द्या. प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री नंबर १८००-११-३०९०, तिथंही विचारून घ्या, मुलाला शेजारी बसवून. तिकीट आलेलं असेल तर फुकट जाऊ दे, पैसे त्यांचेच आहेत.