ताप आणि अंगदुखीसाठी घरात पॅरासिटामॉल ठेवावी की आयबुप्रोफेन? दोन्ही एकत्र घेतल्या तर चालतात का?

तुमचा प्रश्न असा आहे की घरात एकच स्ट्रिप ठेवायची तर या दोन्हींपैकी कुठली, दोन्ही एकदम घेतलेल्या चालतात का, आणि घरात ४ वर्षांची मुलगी आहे आणि सत्तरीचे वडील, जे बीपीच्या गोळ्या घेतात आणि ज्यांचे गुडघे दुखतात. एका ओळीत उत्तर हवं असेल तर पॅरासिटामॉल ठेवा. पण तुमच्या घरातली माणसं बघता एका ओळीत भागणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी फार्मासिस्ट आहे. "ही नको, जरा स्ट्राँग द्या" हे वाक्य मी रोज ऐकते. लोकांना वाटतं गोळ्यांची एक शिडी असते, खाली पॅरासिटामॉल, वर आयबुप्रोफेन, त्याच्या वर डायक्लोफेनॅक, आणि दुखणं वाढलं की एक पायरी चढायची. काहीजण तर मिलिग्रॅमचे आकडे बघतात, पॅरासिटामॉलची ६५० ची गोळी आयबुप्रोफेनच्या ४०० पेक्षा भारी असणारच ना! तसं काही नसतं हो. दोन वेगळ्या औषधांच्या मिलिग्रॅमची तुलनाच होत नाही.

फरक कामाच्या पद्धतीत आहे. आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन ही सगळी एकाच घराण्यातली, ज्याला डॉक्टर लोक एनएसएआयडी म्हणतात. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात, सूज, दुखणं, ताप या सगळ्यात त्यांचा हात असतो, आणि या गोळ्या ती तयार होणंच थांबवतात (हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, १९८२ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं, तोवर जग सत्तरएक वर्षं ॲस्पिरिन खात होतं ते कसं चालतं हे माहीत नसताना!). म्हणून जिथे सूज आहे, म्हणजे पाय मुरगळलाय, दाढ ठणकतेय, पाळीत पोट दुखतंय, तिथे आयबुप्रोफेनचा गुण जास्त येतो. पॅरासिटामॉल सुजेवर फारसं काही करत नाही, तिचं काम मुख्यतः मेंदूत चालतं, ताप आणि साध्या दुखण्याला ती पुरते.

मग अडचण कुठे येते तर हेच प्रोस्टाग्लँडिन पोटाच्या आतल्या अस्तराला ॲसिडपासून वाचवतं आणि किडनीचा रक्तपुरवठाही सांभाळतं. आयबुप्रोफेनला काही कळत नाही की हे गुडघ्यातलं आहे आणि हे पोटातलं, ती सरसकट सगळीकडे थांबवते. पोटाला त्रास न देणारी गोळी काढायचे प्रयत्नही झाले, त्यातली रोफेकॉक्सिब खूप खपली आणि २००४ मध्ये हार्ट अटॅकचा धोका वाढतो म्हणून बाजारातून काढून घ्यावी लागली. तेव्हा कोणी "हिचे साइड इफेक्टच नाहीत" म्हणालं की मी तरी दोन पावलं मागे सरकते.

आता तुमचे वडील. माझ्या मते तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे आणि तुम्ही तो शेवटी जाता जाता लिहिलाय. त्यांच्या बीपीच्या गोळीचं नाव बघा. टेल्मिसार्टन, लोसार्टन असं '-सार्टन' वर संपणारं किंवा रॅमिप्रिल, एनालाप्रिल असं '-प्रिल' वर संपणारं नाव असेल, आणि सोबत लघवी वाढवणारं औषध असेल (हायड्रोक्लोरोथायझाइड, टोर्सेमाइड वगैरे, बऱ्याचदा एकाच गोळीत दोन्ही असतात आणि लोकांना ते माहीतच नसतं), तर त्यात आयबुप्रोफेनची भर अजिबात घालू नका. किडनीची गाळणी चालायला आत दाब लागतो. बीपीची गोळी बाहेर जाणारी नळी सैल करते, लघवीचं औषध पाणी कमी करतं, आणि आयबुप्रोफेन आत येणारी नळी आवळते. तिन्ही एकत्र आलं की गाळणीतला दाब पडतो, आणि त्यात जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालेलं असेल तर दोन-चार दिवसांत रक्ततपासणीत क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसेल तर रक्तात साठणारा पदार्थ) वर गेलेलं दिसतं. शिवाय ही गोळी अंगात मीठ-पाणी धरून ठेवते त्यामुळे बीपीही वाढतं, मग डॉक्टर बीपीचा डोस वाढवतात आणि मूळ कारण गुडघ्याची गोळी असते जी डॉक्टरांना कोणी सांगितलेलीच नसते.

ते हार्टसाठी ॲस्पिरिन ७५ घेत असतील तर आणखी एक भानगड, आयबुप्रोफेन आधी पोटात गेली तर ॲस्पिरिनला तिचं काम करू देत नाही. आणि वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका. अल्सर, किडनीचा आजार, हार्ट फेल्युअर, किंवा ॲस्पिरिनने दमा उठतो अशा माणसांनाही ती नकोच. तर त्यांना पॅरासिटामॉल, आणि गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅकचं जेल, जेलमधून रक्तात फार थोडं औषध जातं, तरी डॉक्टरांच्या कानावर घाला. पाण्यात विरघळणारी फसफसणारी पॅरासिटामॉल मात्र त्यांना देऊ नका, तिच्या एकेका गोळीत ४०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं.

हे वाचून पॅरासिटामॉल म्हणजे अगदी निरुपद्रवी असं वाटलं असेल तर थांबा. योग्य मापात ती खरंच सुरक्षित आहे, पण तिचं माप ओलांडलं तर ती लिव्हरला जी इजा करते ती इतर गोळ्या करत नाहीत. लिव्हर तिचा थोडा भाग एका विषारी पदार्थात बदलतं, आणि ग्लुटाथायोन नावाचं त्याचं स्वतःचं रसायन ते विष लगेच मारून टाकतं. डोस जास्त झाला की ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि मग ते विष लिव्हरच्याच पेशी मारायला लागतं. वाईट म्हणजे पहिले २४ तास माणूस बऱ्यापैकी ठीक दिसतो, थोडी मळमळ, बास, आणि खरा परिणाम तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसतो. यावर उतारा आहे, एन-असिटाइलसिस्टीन, पण तो पहिल्या ८ तासांत मिळाला तर सगळ्यात चांगला, म्हणून चुकून जास्त गेली तर त्रास व्हायची वाट बघत घरी बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं.

माप असं: निरोगी मोठ्या माणसाला एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन डोसमध्ये किमान ४ तास, चांगलं म्हणजे ६, आणि २४ तासांत मिळून ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही. मी स्वतः घरच्यांना ३ ग्रॅमवरच थांबवते. वजन ५० किलोच्या आत असेल, रोज दारू असेल, लिव्हरचा त्रास असेल किंवा चार दिवस पोटात नीट काही गेलेलं नसेल तर त्याहून कमी, आणि ते डॉक्टरांना विचारून.

लोक मुद्दाम जास्त घेतात असं नाही, गफलत होते ती सर्दीच्या गोळ्यांमुळे. सर्दी-तापाच्या बहुतेक तयार गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल असतेच, कंबरदुखीच्या कितीतरी कॉम्बिनेशनमध्ये असते, आणि नाव प्रत्येकाचं वेगळं. मी स्वतः हे केलंय, सांगायला लाज वाटते. फ्लू झालेला, सकाळी सर्दीची गोळी, दुपारी ६५० ची, रात्री परत सर्दीची आणि झोपताना अंग दुखतंय म्हणून अजून एक ६५०, आणि तिसऱ्या दिवशी डोकं जरा ताळ्यावर आल्यावर स्ट्रिपा उलट्या करून वाचल्या तेव्हा कळलं की चारही पॅरासिटामॉलच! मर्यादेच्या आत होते हे नशीब. रोज दुसऱ्यांना हेच सांगणारी बाई मी.

मुलीसाठी फक्त वजन बघा, वय नाही. पॅरासिटामॉल किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे ती १६ किलोची असेल तर १६० ते २४०. आता इथे गंमत अशी की सिरप वेगवेगळ्या ताकदीचं येतं, ५ एमएलमध्ये १२० वालं असेल तर २४० साठी १० एमएल लागेल, २५० वालं असेल तर पाचच्या किंचित आत. बाटली बदलली आणि माप तेच ठेवलं की डोस एकदम दुप्पट किंवा निम्मा. घरातला चमचा नको, बाटलीसोबतची सिरिंज किंवा टोपी वापरा. २४ तासांत ४ वेळा, त्यापेक्षा जास्त नाही. ॲस्पिरिन १६ वर्षांखालच्या मुलांना द्यायची नाही, रे सिंड्रोम नावाचा लिव्हर आणि मेंदूवर येणारा आजार होऊ शकतो. निमेसुलाइड नावाची ताप-दुखण्याची गोळीही नको, लिव्हरच्या तक्रारींमुळे फिनलंड आणि स्पेनने ती २००२ मध्ये थांबवली, आयर्लंडने २००७ मध्ये. मुलांना आयबुप्रोफेन चालते (६ महिन्यांनंतर), पण उलट्या-जुलाब चालू असतील किंवा कांजिण्या असतील तर नाही. आणि एक, ताप १०१ आहे पण पोरगी खेळतेय, पाणी पितेय, तर थर्मामीटरवरचा आकडा खाली आणण्यासाठी औषध द्यायची गरज नसते. झोपेतून उठवून तर नाहीच.

दोन्ही एकत्र? मोठ्या, बाकी तब्येत ठणठणीत असलेल्या माणसाला चालतात, कारण रस्ते वेगळे आहेत. दाढ काढल्यावर तर ही जोडी छान काम करते. आयबुप्रोफेन २०० किंवा ४०० ची, काहीतरी खाऊन, स्वतःच्या मनाने घेताना २४ तासांत १२०० च्या वर नाही. पण आयबुप्रोफेनसोबत डायक्लोफेनॅक, किंवा ॲसिक्लोफेनॅक, किंवा नेप्रोक्सेन असं कधीच नाही, ती सगळी भावंडं आहेत, आराम दुप्पट होत नाही, पोटाचा त्रास मात्र होतो. मुलीला दोन्ही एकदम देऊ नका.

अजून दोन प्रसंग जिथे आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिनला हात लावायचा नाही. डेंग्यूची शंका असेल तेव्हा, प्लेटलेट आधीच उतरत असतात आणि रक्तस्राव होऊ शकतो, तिथे फक्त पॅरासिटामॉल. आणि गरोदरपणात, २० आठवड्यांनंतर तर विशेष, बाळाच्या किडनीवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, अमेरिकेच्या एफडीएने २०२० मध्ये तसा इशाराच दिलाय.

तुम्ही स्वतःच्या डोकेदुखीचं ओझरतं लिहिलंय. महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस साधी पेनकिलर लागत असेल तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागू शकतं, कॅलेंडरवर खुणा करून बघा एकदा. ताप ३ दिवसांच्या वर गेला, मान आखडली, अंगावर पुरळ, धाप, गुंगी, फिट, काळी शी, यातलं काहीही दिसलं की डॉक्टर. ३ महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप असेल तर लगेच, औषध देऊन वाट बघायची नाही.

आणि आज घरातला गोळ्यांचा डबा काढून एकदा उलथा करा. प्रत्येक स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं, ते वाचा, वडिलांच्या गोळ्या वेगळ्या डब्यात ठेवा आणि त्यावर मोठ्या अक्षरात "आयबुप्रोफेन नको" लिहा. कापून कापून जिच्यावर नुसतं "...मॉल" किंवा तारखेचा अर्धा आकडा उरलाय ती स्ट्रिप टाकून द्या, मग आत चार गोळ्या शिल्लक का असेनात.