मूत्राशयात ठेवलेलं औषधाचं उपकरण लघवीबरोबर बाहेर पडत नाही का?

सहसा नाही पडत, कारण आत गेल्यावर त्याचा आकार बदलतो. उदाहरणार्थ, अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) सप्टेंबर २०२५मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगासाठी मंजूर केलेलं इनलेक्झो (आधीचं नाव टार-२००). सिलिकॉनची बारीक नळी, आत नायटिनॉलची (मूळ आकारात परतणाऱ्या मिश्रधातूची) तार. कॅथेटरमधून सरळ जाते आणि मूत्राशयात पोचताच वेटोळं घेते, म्हणून मूत्रमार्गात परत शिरत नाही. ऑपरेशन लागत नाही. तीन आठवड्यांनी दुर्बिणीने काढतात. नळीत २२५ मिलिग्रॅम जेमसिटाबिन हे केमोथेरपीचं औषध असतं. लघवीतलं पाणी आत झिरपतं आणि त्या दाबाने औषध हळूहळू बाहेर येतं. खरी गंमत इथेच आहे: तेच औषध द्रवरूपात भरलं तर तास-दोन तासांत लघवीवाटे निघून जातं.

मंजुरीसाठीच्या चाचणीत ८३ रुग्णांपैकी ८२ टक्क्यांमध्ये कर्करोग पूर्ण दिसेनासा झाला; त्यातल्या निम्म्यांत हा परिणाम वर्षभर तरी टिकला. मात्र हे मूत्राशयाच्या प्रत्येक कर्करोगासाठी नाही. बीसीजीला (मूत्राशयात सोडल्या जाणाऱ्या, प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधाला) दाद न देणारा, स्नायूपर्यंत न पोचलेला आणि ‘कार्सिनोमा इन सिटू’ (आतल्या अस्तरापुरता सपाट पसरलेला कर्करोग) असलेला आजार, एवढ्यालाच ही मंजुरी आहे. एमआरआय करायचा असेल तर उपकरण आत आहे हे आधी सांगा.