‘इथे माझं काय काम?’

प्रश्न : मॅडम, मी वडोदऱ्यात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. वडील सफाई कामगार; कॉलेजात जाणारी घरातली मी पहिलीच. घरी मराठी, शाळा गुजराती माध्यमाची, इथे सगळं इंग्रजीत. स्कॉलरशिपचा फॉर्म भरताना मागच्या मुलीने माझी जात वाचली आणि ‘अच्छा, कोट्यातून’ म्हणाली. तेव्हापासून डबा एकटीच खाते. टेस्टमध्ये २५ पैकी ९ मिळाले. ‘डिराइव्ह’ म्हणजे नेमकं काय करायचं, हे विचारायला कोणी नव्हतं. कॉलेज सोडू का?

उत्तर : सोडू नकोस, बाळा. तुझ्या त्या ९ गुणांत मला बुद्धीची उणीव दिसत नाही, विचारायला माणूस नव्हतं एवढंच दिसतं.

अमेरिकेत वॉल्टन आणि कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजात नव्याने आलेल्या कृष्णवर्णीय मुलांना सीनियर्सचे अनुभव वाचायला दिले : सुरुवातीला आम्हालाही परकं वाटलं, मग रुळलो. मुलांनी त्यावर स्वतःचं लिहिलं, कॅमेऱ्यासमोर बोलून दाखवलं. काम तासाभराचं, पण पुढची तीन वर्षं त्याचा फायदा त्यांच्या गुणांत दिसला. हा अभ्यास २०११चा. एक टेस्ट बिघडली की ‘मी इथली नाहीच’ असा अर्थ काढणं सुटतं, ते असं. पुढे २२ संस्थांत हेच करून पाहिलं, तेव्हा जिथे आपलंसं वाटायला वाव होता तिथेच फरक पडला. म्हणून सगळा भार तुझ्या मनावर टाकायला मी तयार नाही.

त्या मुलीचं बोलणं चुकीचंच होतं. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली जातीमुळे याच शहरात राहायला जागा मिळाली नाही. ते कमाटीबागेत झाडाखाली बसले. त्यांची विद्वत्ता कमी होती का? त्या जागेला आता संकल्पभूमी म्हणतात; तिथे आईवडिलांना घेऊन एकदा जाऊन ये.

या आठवड्यात गुजराती माध्यमातूनच आलेली, दुसऱ्या वर्षाची एखादी मुलगी गाठ. तिच्या जुन्या वह्या माग. पण त्याआधी विचार, ‘पहिली टर्म तुला कशी गेली?’ उत्तरपत्रिका घेऊन सरांकडे जा आणि एकच प्रश्न दाखवून कुठे चुकलं ते समजून घे. प्रॅक्टिकल झालं की पार्टनरजवळच डबा उघड. जातीवरून पुन्हा कोणी बोललं, तर तारीख आणि शब्द लिहून ठेव. अशा तक्रारींसाठी अधिकारी नेमण्याची तरतूद यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१२च्या नियमांत आहे. आणि स्कॉलरशिप हा तुझा हक्क आहे, फॉर्म मान वर करून भर.

पुढच्या टेस्टनंतर लिही. गुण नाही कळवलेस तरी चालेल, डबा कोणाबरोबर खाल्लास ते मात्र कळव.