सॉफ्टवेअरची केस, दुधाचा हिशेब

प्रश्न : मी पेडणे तालुक्यातली. फर्मागुडीला इंजिनिअरिंग केलं, दोन वर्षं पुण्यात एका आयटी कंपनीत ईआरपी (कंपनीचा सगळा कारभार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) सपोर्टला होते, आता एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कन्सल्टिंग कंपन्यांच्या मुलाखती तोंडावर आल्यात. नफा का घटला, नव्या बाजारात उतरावं का, अशा केसेस, म्हणजे मुलाखतीत सोडवायला दिलेले धंद्याचे प्रश्न, जमतात. पण 'कंपनीला नवी प्रणाली बसवायची आहे, सल्ला द्या' अशी केस आली की माझंच क्षेत्र असूनही मी अडते. मॉक, म्हणजे सरावाची मुलाखत, घेणारा सीनिअर म्हणाला, "तू सल्ला दिला नाहीस, सॉफ्टवेअरचा डेमो दिलास." मैत्रिणी चाळीस हजारांचा ऑनलाइन क्लास लाव म्हणतात. बाबांचं किराणा दुकान आहे, त्यांना हा खर्च पटत नाही. शिवाय चौथीपर्यंत मराठी शाळेत होते, इंग्रजीत मोठ्यानं विचार करताना अडखळते. तयारी कशी करू?

उत्तर : तुझ्या सीनिअरनं दुखण्यावर नेमकं बोट ठेवलंय. आयटीतून आलेली मुलंच या केसमध्ये जास्त अडकतात, कारण उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे असं त्यांना वाटतं. 'नवी प्रणाली' हे शब्द कानावर पडले की क्लाउड, मॉड्यूल, डॅशबोर्ड सुरू. समोरच्याला ऐकायचं असतं ते वेगळंच. आज काय बिघडलंय, प्रणाली आल्यावर पैशाचा हिशेब कितीनं बदलेल, आणि जो माणूस ती रोज वापरणार त्याची सकाळ कशी बदलेल. या तिसऱ्या प्रश्नाकडे फारसं कुणी फिरकत नाही, आणि माझ्या मते केस तिथंच तरते नाही तर बुडते.

एक केसच घेऊ. आकडे सगळे कल्पित, सरावापुरते. गोव्यातला एक सहकारी दूध संघ, त्याला जोडलेल्या १२० गावच्या सोसायट्या. प्रत्येकीत दिवसाला सरासरी ४०० लिटर दूध येतं. संघाला सगळीकडे स्वयंचलित संकलन यंत्र बसवायचंय : दुधाचं वजन होईल, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) मोजलं जाईल, पावती छापली जाईल, नोंद थेट संघाच्या संगणकात. अध्यक्ष विचारताहेत, बसवावं का?

बहुतेक जण 'हो' गृहीत धरून यंत्र कसं बसवायचं ते सांगू लागतात. तू आधी विचार, अडचण काय आहे? मुलाखतकार सांगेल, सोसायट्यांच्या वहीतलं दूध आणि संघाच्या डॉकवर पोचलेलं दूध यांत एक टक्का तूट येते. भाव लिटरला ४० रुपये. आता कागद पुढे ओढ आणि बोलत बोलत हिशेब कर. १२० गुणिले ४०० म्हणजे ४८,००० लिटर. एक टक्का ४८० लिटर, दिवसाला १९,२०० रुपये, वर्षाला साधारण ७० लाख. सांडणं-नासणं यंत्रानं थांबत नाही, तेव्हा निम्मी तूट वाचली असं धर : ३५ लाख. यंत्राची किंमत सव्वा लाख, १२० यंत्रांचे दीड कोटी. मध्यवर्ती सॉफ्टवेअर, जुन्या नोंदी चढवणं आणि प्रशिक्षण मिळून ३० लाख. देखभालीला यंत्राच्या किमतीच्या दहा टक्के, म्हणजे वर्षाला १५ लाख. ३५ मधून १५ गेले, हातात उरले २० लाख, आणि गुंतवले १ कोटी ८० लाख. पैसे सुटायला नऊ वर्षं. कोकणपट्टीच्या दमट हवेत, रोज दुधापाण्यात असलेलं यंत्र नऊ वर्षं टिकेल का?

इथं 'मग बसवू नका' म्हणून मोकळं होणारेही असतात. तू आणखी एक प्रश्न टाक : सगळ्या सोसायट्या सारख्याच आहेत का? समज, मोठ्या ४० सोसायट्यांतूनच ७० टक्के दूध येतं असं कळलं. तूट दुधाच्या प्रमाणातच आहे हे गृहीत धर, पण तसं बोलून दाखव. आता यंत्रं ५० लाखांची, मध्यवर्ती खर्च तेच ३० लाख, एकूण ८० लाख. बचत ३५ लाखांच्या ७० टक्के म्हणजे साडेचोवीस लाख, त्यातून देखभालीचे ५ लाख वजा, उरले साडेएकोणीस. चार वर्षांच्या जरा पुढे पैसे सुटतात. यंत्र तेच, विक्रेता तोच, फक्त कुठं बसवायचं ते बदललं. मी मुलाखतकार असतो तर एवढ्यावरच कान टवकारले असते.

आता सचिवाची सकाळ. पहाटे सहाला सोसायटीच्या दारात किटल्या घेऊन रांग लागलेली असते. सचिव माप घेतो, वहीत लिहितो, सभासदाच्या कार्डावर लिहितो. उद्या तिथं यंत्र आलं. ज्येष्ठाच्या पावसात वीज गेली तर बॅटरी किती वेळ चालेल? नेट नसलं तर नोंद यंत्रात साठून मागाहून जाते का? पावतीचा कागद संपला तर? दूध थांबत नाही आणि टँकरही. हे प्रश्न विचारायला तांत्रिक ज्ञान लागत नाही, पण ज्याच्याकडे ते आहे त्याच्या तोंडी ते जास्त शोभतात.

आणि तो एक टक्का आजवर कुठं जात होता? काही घाईच्या मापात, काही ओळखीखातर जास्त लिहिलेल्या पाव लिटरमध्ये, काही कदाचित सरळ हातचलाखीत. म्हणजे यंत्र बसलं की कुणाचा तरी फायदा बंद होणार, आणि यंत्र चालवायला द्यायचंय नेमकं त्या ओट्यावरच्या माणसाकडे. काल चार फॅट लागत होतं, आज साडेतीनच कसं, म्हणून भांडायला येणारे सभासदही त्याच्याच अंगावर. अशा वेळी 'चेंज मॅनेजमेंट करू, ट्रेनिंग देऊ' हे वाक्य म्हणजे निव्वळ वेळ मारून नेणं. सचिवाला काय मिळणार ते सांग : दर दहा दिवसांनी बिलं काढताना जाणारी त्याची दुपार वाचेल, बेरजेच्या चुकीवरून होणारी कटकट संपेल. सभासदाला हातात पावती मिळाल्यावर बाहेर परस्पर विकलं जाणारं थोडं दूध सोसायटीत परत येऊ शकतं. हा फायदा आपण हिशेबात धरलेला नाही, तो वेगळा मांड.

तुझी खरी जागा मात्र जुन्या नोंदींत आहे. एकाच गावात एकाच नावाचे तीन गावकर, वारलेल्या सासऱ्याच्या नावावर दूध घालणारी सून, पैसे जाणारं खातं दिराचं. ईआरपी सपोर्टला बसून तू हेच तर निस्तरत होतीस! सभासदांची यादी साफ करायला किती दिवस, कोण करणार आणि चूक निघाली तर कुणी सही करायची, एवढं बोललीस तरी अनुभव दिसतो. एमबीएच्या वर्गात फार थोड्यांना हे बोलता येतं.

मुहूर्ताचंही तेच. श्रावणात यंत्रं सुरू करायची म्हणालीस तर मी लगेच थांबवीन, कारण पुढ्यात चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आहे आणि दुधाला मागणी चढलेली. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीनं १९९९ साली नेमकं हेच केलं. ऑर्डर, साठा, वितरण सांभाळणारी नवी प्रणाली जुलैत सुरू केली, तेव्हा हॅलोविनच्या ऑर्डरींचा मोसम दारात होता. गोदामात माल होता, पण सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेवर पोचल्या नाहीत. अशी दोन-तीन उदाहरणं जवळ ठेव, पण ती फेकण्यासाठी नव्हे, प्रश्न सुचण्यासाठी. जर्मनीच्या लिडल या सुपरमार्केट साखळीनं सात वर्षं आणि सुमारे ५० कोटी युरो घालवून २०१८ मध्ये एसएपी या कंपनीच्या सॉफ्टवेअरचा प्रकल्प सोडला. तिथं एक अडचण अशी होती की लिडल साठ्याचं मूल्य खरेदीच्या भावानं धरायची आणि तयार सॉफ्टवेअर विक्रीच्या भावानं. लिडलनं आपली पद्धत सोडली नाही, सॉफ्टवेअरच वाकवत बसली. यातून केसमध्ये विचारायचा प्रश्न मिळतो : यांची पद्धत बदलायची की सॉफ्टवेअर, आणि त्या हट्टाची किंमत किती?

परदेशी उदाहरणांपेक्षा मला तुझ्या बाबांचं दुकान जवळचं वाटतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा त्यांनी पहिले महिने कसे काढले, बिलाचं सॉफ्टवेअर कधी घेतलं, कुणी शिकवलं, कुठली विवरणं भरायची होती आणि त्यातली कुठली नंतर स्थगित झाली, हे एका संध्याकाळी बसून विचार. मग ई-वे बिलाकडे, म्हणजे माल वाहून नेताना लागणाऱ्या ऑनलाइन दाखल्याकडे, ये. १ फेब्रुवारी २०१८ ला ते देशभर लागू झालं, पहिल्याच दिवशी पोर्टल कोलमडलं आणि निर्णय पुढे ढकलावा लागला. १ एप्रिलपासून ते आंतरराज्य वाहतुकीसाठी सुरू केलं आणि राज्यांतर्गत वाहतुकीसाठी राज्यं टप्प्याटप्प्यानं जोडली. एकदम की टप्प्यांनी, या प्रश्नावर याहून चांगलं देशी उदाहरण मला तरी आठवत नाही.

शेवटी शिफारस. ती पहिल्या वाक्यात दे, कारणं मागून. आपल्या दूध संघाला मी असं सांगेन : "मोठ्या ४० सोसायट्यांतच यंत्रं बसवा. दिवाळीनंतर पाच ठिकाणी सुरुवात करा, दोन बिलांपर्यंत वही आणि यंत्र दोन्ही चालू ठेवा. या पाच ठिकाणची तूट निम्म्यावर आली नाही तर उरलेली ३५ यंत्रं घेऊ नका." कधी थांबायचं हे सांगणारा उमेदवार विरळा असतो. पाच सोसायट्या निवडताना संघाच्या सर्वात जवळच्या घेऊ नकोस. एक सत्तरी तालुक्यातल्या आडगावची असू दे, नाही तर चाचणी फुकट.

तंत्राचं थोडक्यात. कन्सल्टिंग कंपन्यांपैकी मॅकिन्झीत साधारणपणे मुलाखतकार केस पुढे नेतो, बीसीजी आणि बेनमध्ये ती तुला न्यावी लागते; दोन्ही प्रकारे सराव कर. प्रणाली बसवण्याच्या केसेस डेलॉइट, ॲक्सेंचर यांसारख्या ठिकाणी जास्त भेटतील. तयार चौकटी पाठ करण्यात आठवडे घालवू नकोस. केस वाचून सोडवण्याचाही फारसा उपयोग नाही, समोर माणूस हवा. वर्गातली एक जोडीदारीण धर, आळीपाळीनं मुलाखतकार व्हा. मुलाखतकार होऊन बसलं की समोरचा कुठं कंटाळवाणा होतो ते आपोआप कळतं.

इंग्रजीचं म्हणशील तर अडखळणं बहुधा भाषेचं नसतं, विचार जुळलेला नसतो तेव्हा मराठीतही जीभ अडखळते. ही दुधाची केस आधी बाबांना मराठीत सांग. ते मध्येच "अगो, पण पैसे कोण घालणार?" असं विचारतील, त्याचं उत्तर दे. मग तीच केस फोनवर रेकॉर्ड करत इंग्रजीत सांग. आकडे इंग्रजीत बोलण्याचा मात्र वेगळा सराव लागतो, विशेषतः लाख-कोटीचं मिलियनमध्ये करताना. तो रोज दहा मिनिटं करच.

क्लासच्या बाबतीत मी बाबांच्या बाजूचा. आयआयएमच्या विद्यार्थ्यांनी तयार केलेल्या केसबुकांच्या प्रती सीनिअरांकडे असतात, त्या पुरेशा आहेत. अगदी वाटलंच तर मुलाखतीच्या आधीच्या आठवड्यात एखाद्या नोकरीतल्या कन्सल्टंटकडून पैसे देऊन एक-दोन मॉक घे. त्याला चाळीस हजार लागत नाहीत. आणि ज्या सीनिअरनं तुला ते डेमोचं वाक्य ऐकवलं, त्याच्याकडे आधी परत जा.