ट्रंकेत राजाच्या चित्राच्या नोटा सापडल्या, साल छापलेलं नाही. कोणत्या काळातल्या ते कसं कळेल?

राजाकडे नंतर बघा, आधी सही बघा.

तुम्ही लिहिलंय की पाच आणि दहाच्या नोटा आहेत, राजाच्या डोक्यावर मुकुट आहे आणि साल कुठेच नाही. हा बहुधा इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज. रिझर्व्ह बँकेने जानेवारी १९३८ मध्ये पाचाची नोट काढून ही मालिका सुरू केली, आणि तिच्यावर साल टाकलंच नाही. त्यामुळे काळ ठरतो तो गव्हर्नरच्या सहीवरून. जे. बी. टेलर असेल तर १९३८ ते ४३ च्या सुमाराची. सी. डी. देशमुख असेल तर त्यानंतरची. हे देशमुख म्हणजे महाडजवळच्या नाते गावचे आपले चिंतामणराव, बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. इंग्रज राजाच्या तोंडाशेजारी मराठी माणसाची सही! मला त्या नोटेचं आकर्षण मुळात एवढ्यासाठीच. छपाईही आपल्या नाशिकची. १९२८ पूर्वी नोटा इंग्लंडहून छापून यायच्या.

मग नोट खिडकीपाशी उजेडात धरा. कोऱ्या जागेत राजाचा चेहरा उमटेल. तो बाजूने दिसतोय की समोरून, हे नीट बघा. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी आपल्या नोटांची हुबेहूब नक्कल केली, म्हणून बाजूचा चेहरा काढून समोरचा घातला आणि सुरक्षा धागाही पहिल्यांदा तेव्हाच आला. म्हणजे समोरचा चेहरा असेल तर नोट नंतरची.

ट्रंकेत एक रुपयाची नोट निघाली तर तिच्यावर गव्हर्नर शोधू नका. ती सरकारची नोट, सही अर्थखात्याच्या सचिवाची. युद्धकाळातल्या नोटेवर रुपयाच्या नाण्याचं चित्र आहे, त्या नाण्यावर १९४० वाचता येतं. आणि चुकून २ रुपये ८ आण्यांची निघाली तर घरात कुणालाही हात लावू देऊ नका. ती १९१८ मध्ये आली आणि १९२६ मध्ये बंद झाली.

किमतीचं म्हणाल तर ती कंडिशनवर. घडी किती, कोपरे शाबूत आहेत का, डाग आहेत का. डावीकडची टाचणीची भोकं बघून घाबरू नका, तेव्हा गड्ड्या टाचूनच ठेवायचे. पण इस्त्री नको, धुणं नको, लॅमिनेशन तर नकोच. आजीच्या पोथीत मला टेलरच्या सहीची दहाची नोट मिळाली होती, मधोमध किंचित फाटलेली. मी हौसेने सेलोटेप लावली. टेप कधीच सुटली, पण राजाच्या कानापासून खालपर्यंत तिचा पिवळा चिकट पट्टा अजून आहे. विकायला नेली तेव्हा दुकानदाराने ती उलटी करूनसुद्धा पाहिली नाही.