पोरगा कूलर दुरुस्त करतो, बाबांना जेईई हवीये

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा दहावीत, सराव परीक्षेत मॅथ्सला १०० पैकी ५२, पण मार्च लागला की जयताळ्यातल्या अख्ख्या गल्लीचे कूलर तोच सुरू करून देतो, पंप बदलतो, जळालेली मोटर कोणाकडे भरायला द्यायची ते त्याला पाठ आहे. बाबा म्हणून राहिले अकरावी सायन्स आणि जेईईचा क्लास, पोरगा म्हणतो आयटीआय. आणि तुमची नणंद अमेरिकेतून सांगते की तिच्या मुलीला शाळेतच कॉलेजचे विषय शिकवतात, तिथल्या कंपनीत काम बघायला नेतात, मग आपल्या नागपुरात असं काही नाही का?

त्या खरं सांगतात. तिकडे २०११ साली ब्रुकलिनमध्ये आयबीएम, एक कॉलेज आणि एक सरकारी शाळा यांनी मिळून नववीपासून सहा वर्षांचा रस्ता आखला, त्यात मूल हायस्कूलसोबत दोन वर्षांची कॉलेजची डिग्रीही घेऊन बाहेर पडतं. कंपनी, कॉलेज आणि शाळा आधीच एकत्र बसलेले असतात. आपल्याकडे हे तुकडे जवळपास सगळे आहेत, पण ते जोडून कोणी देत नाही, आईबापांनाच जोडावे लागतात, आणि दहावीच्या निकालानंतरच्या त्या धावपळीच्या दिवसांत कोणाला सुचतं हो ते? म्हणून आत्ताच लिहितोय.

एक जोडलेला तुकडा मात्र तुमच्या घराजवळच आहे. विमानतळाजवळच्या मिहान या औद्योगिक वसाहतीत दसॉ या फ्रेंच विमान कंपनीचा, दसॉ रिलायन्सचा कारखाना आहे ना, २०१७ मध्ये भूमिपूजन झालं होतं, तिथे फाल्कन विमानांचे भाग बनतात. त्या कामाला लागणारे फिटर तयार व्हावेत म्हणून दसॉने श्रद्धानंदपेठेतल्या सरकारी आयटीआयसोबत एरोनॉटिकल स्ट्रक्चर अँड इक्विपमेंट फिटर हा दोन वर्षांचा ट्रेड सुरू केला. म्हणजे आधी काम ठरलं आणि मग त्याच्यासाठी कोर्स आला. जागा मोजक्याच असतात, त्यामुळे फॉर्म भरताना फिटर, इलेक्ट्रिशियन आणि फ्रिज-एसी मेकॅनिक हे ट्रेडही पसंतीत टाकायचे. तुमचा पोरगा फ्रिज-एसीत रमेल असं मला वाटतं, पण ते त्यालाच ठरवू द्या.

आता बाबांची भीती. आयटीआय केलं की पोरगा आयुष्यभर पाना घेऊन फिरणार, आणि नातेवाईक काय म्हणतील. ताई, ही भीती मी रोज ऐकतो आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण तिच्यामुळे हाताचं कसब असलेली पोरं दोन वर्षं त्या कोचिंग क्लासशी जोडलेल्या इंटिग्रेटेड कॉलेजात घालवतात, जिथे कॉलेज नुसतं कागदावर असतं, घरचे लाखभर रुपये जातात आणि पोरगं स्वतःला ढ समजायला लागतं. माझ्याकडे असाच एक जण बारावीनंतर आला होता, अर्धा तास मान वर करून बोलला नाही, आणि टेबलावरचा पंखा आवाज करून राहिला होता तो मात्र त्याने न सांगता दुरुस्त केला.

हिशोब बघा. सोळाव्या वर्षी आयटीआय, दोन वर्षं. मग एक वर्ष अप्रेंटिस, म्हणजे कंपनीत काम करत शिकायचं, त्याचा दरमहा स्टायपेंड मिळतो. अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे आणि आता ३० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, म्हणजे हिंगण्याचा महिंद्राचा ट्रॅक्टर प्लांट असो की बुटीबोरीतला कारखाना, दार ठोठावता येतं. त्यानंतर पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, दोन वर्षं, आणि मग इच्छा असेल तर इंजिनिअरिंगलाही थेट दुसऱ्या वर्षाला, तीन वर्षं. चोविसाव्या वर्षी इंजिनिअर. अकरावी-बारावी करून जाणारा बाविसाव्या वर्षी होतो, फरक दोन वर्षांचा, पण ह्याच्या हाताला मध्ये काम लागलेलं असतं आणि कुठेही थांबला तरी त्याच्याकडे काहीतरी असतं.

दहावीनंतर सरळ तीन वर्षांचा डिप्लोमा का नाही, असं तुम्ही विचाराल. मॅथ्स ७०-७५ असतं तर मीच सांगितलं असतं. पण डिप्लोमाच्या पहिल्याच वर्षी मॅथ्समध्ये खूप पोरं अडकतात, त्याला तिथे आत्ताच ढकलू नका. मात्र आयटीआयच्या दोन वर्षांत मॅथ्स सुटू द्यायचं नाही, आठवड्यातून दोन दिवस शिकवणी ठेवाच, नाहीतर पुढे डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात तेच समोर येतं.

बाबा तरीही सायन्सवर अडले तर निदान नेहमीचं, रोज वर्ग भरणारं ज्युनिअर कॉलेज घ्या आणि बायफोकलला, म्हणजे सायन्ससोबत घेता येणाऱ्या व्यावसायिक विषयाला, इलेक्ट्रॉनिक्स घ्या. २०० मार्कांचं असतं, दुसरी भाषा आणि एक विषय त्याच्या बदल्यात सुटतो, आणि प्रॅक्टिकल असल्यामुळे त्याचा जीव लागेल. विमानाच्या मेंटेनन्सच्या लायसन्सचं त्याच्या डोक्यात आलं तर बारावीचं फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स कामी येतं, फक्त इन्स्टिट्यूटला डीजीसीएची, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याची, मान्यता आहे का ते आधी बघायचं.

खाजगी आयटीआयवाला घरी फोन करेल, फी कमी करतो म्हणेल. त्याला एवढंच विचारा की मागच्या वर्षीची पोरं कोणत्या कंपनीत अप्रेंटिस लागली, नावं दाखवा, आणि वर्कशॉपमधली लेथ चालू करून दाखवा. चाचरला तर परत या.

आणि बाबांना माझ्याकडे आणायच्या आधी एकदा संध्याकाळी शिफ्ट सुटते तेव्हा हिंगणा एमआयडीसीत पाठवा, पोराला सोबत घेऊन. पाच-सात वर्षं नोकरी झालेला एखादा फिटर गाठून, चहा पाजून विचारू द्या की काय शिकला, पगार हातात किती येतो, पर्मनंट आहे की ठेकेदाराकडे. ठेकेदाराचा प्रश्न नक्की विचारा, कारण तिथे खूप पोरं वर्षानुवर्षं अडकून पडतात आणि ते कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

निकाल लागला की मार्कशीट घेऊन तिघंही या. आमच्या ऑफिसातला कूलर तोपर्यंत सुरू झालेला नसेल तर त्याला म्हणा, टेस्टर घेऊन ये.